टाकीतले मीठ

टपालात टाकलेले पत्र मी आयुष्यात कधी मागे घेतले नव्हते. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात चार पत्रे मागे घेतली आणि पाचवे पाकिटात घालण्यापूर्वीच फाडले. त्या पत्रांपायी एका प्रामाणिक कारागिराचे नाव पणाला लागले होते, आणि ते पणाला लावणारा मी होतो. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. हे लेखन कोणाला उद्देशून नाही; याची प्रतही कोणाला पाठवायची नाही.

मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत मी छत्तीस वर्षे काढली. मी वकील नव्हतो. वकिलांनी केलेले मसुदे टंकून आले की त्यांतल्या चुका शोधणे, हे माझे काम. तिथली पद्धत अशी होती की एकाने मूळ मसुदा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टंकलेल्या प्रतीवर बोट फिरवीत ऐकायचे. बोट थांबले की वाचणाऱ्यानेही थांबायचे. याला आम्ही 'ताडून पाहणे' म्हणत असू. ताडून न पाहिलेला कागद कचेरीबाहेर जात नसे.

ही पद्धत मी लग्नानंतर वसईच्या घरातही आणली. पत्नी शाळेत शिकवीत असे. तिची नजर तीक्ष्ण आणि बोट सरळ. मी वीज मंडळाला, बँकेला, रेल्वेला, एकदा तर स्वतः बिशपांच्या कचेरीला पत्रे लिहिली, आणि त्यांतले प्रत्येक पत्र तिने बोट फिरवून ताडले. आता आम्ही सिडनीत, गिरावीनला, मुलीच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतो, तरी चहानंतरचा तो कार्यक्रम सुटलेला नाही. इथल्या काउन्सिलला मी कचऱ्याच्या डब्यांविषयी चार पत्रे लिहिली तेव्हा मुलगी म्हणाली, "डॅड, काउन्सिलमध्ये तुमच्या नावाचं सेपरेट कपाट असेल." मी म्हणालो, असायलाच हवे.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी मोटरसायकल घेतली. तरुणपणी वसईत माझ्याकडे होती तशीच: एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची, दूरवरून ओळखू येणाऱ्या ठोक्याची. ब्लू माउंटन्सपलीकडच्या एका शेतावर ती शेडमध्ये पडून होती. जुन्या वाहनांच्या क्लबात नाव नोंदवले की इथे अशी गाडी ठरावीक दिवस रस्त्यावर काढता येते. प्रत्येक फेरी वहीत नोंदवावी लागते. नियम आणि वही, दोन्ही मला पसंत पडले.

पत्नीला पसंत पडले नाही. तिने एकदाच, भाजी निवडता निवडता, विचारले, "या वयात ती फटफट हवीच का?" मी त्यावर भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला दोन पानी लेखी उत्तर दिले, सात कलमांचे. माझी प्रकृती, माझा अनुभव, इथल्या रस्त्यांची स्थिती, हेल्मेटची प्रत, सगळे त्यात क्रमाने मांडले होते. तिने ते वाचले, घडी घातली आणि कपाटात ठेवले. विषय संपला असे मी समजलो.

गाडीचे इंजिन चांगले होते. पेट्रोलची टाकी मात्र आतून गंजाने खाल्ली होती. झाकण उघडून टॉर्च मारला तर तळाशी चहाच्या गाळासारखा तांबडा थर दिसे. क्लबातल्या कोणीतरी पत्ता दिला आणि मी टाकी घेऊन एका शेडमध्ये गेलो. शेडचा मालक पंचेचाळिशीचा, मूळ कोल्हापूरकडचा. शिकायला म्हणून अ‍ॅडलेडला आला, तिथली युनिव्हर्सिटी केली, दोन वर्षे सर्व्हरसमोर बसला आणि मग कंटाळून हातात वेल्डिंगची बंदूक घेतली. आता रेडिएटर आणि टाक्या दुरुस्त करतो. त्याने माझी टाकी उलटी करून बोटाच्या पेराने ठोकली. एका ठिकाणी आवाज बदलला, तिथे त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो पुठ्ठ्यातून जावा तसा आरपार गेला.

"काका, ही गेली," तो म्हणाला. "हिला जोडत बसलो तर ठिगळंच उरतील. दुसरी बघा."

"कुठे मिळेल?"

"कोरड्या गावात बघा. समुद्राजवळची टाकी घेऊच नका."

मी वर्तमानपत्रात, क्लबाच्या पत्रिकेत आणि संगणकावर तीन महिने शोध घेतला. शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या एका निवृत्त खाण-फिटरने उत्तर दिले. त्याच्याकडे याच गाडीची टाकी होती. पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे टांगलेली, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो. पेट्रोलची वाफ राहिलेली टाकी मालवाहतुकीतून पाठवता येत नाही, ती धुऊन, सुकवून तसे लिहून द्यावे लागते. मी त्याला त्या लेखी कबुलीचा नमुना पाठवला. त्याने सही करून खाली लिहिले, 'मित्रा, तू कधी सुट्टी घेतोस का?' टाकी आली. आतून जवळजवळ नवी होती.

कोल्हापूरकराने तिच्यातला हलका गंज आम्लाने काढला, सोड्याने धुतली आणि आतून कोटिंग केले. म्हणजे पेट्रोलला न विरघळणारे एक पातळ अस्तर ओतून, टाकी चहूबाजूंनी फिरवून ते सगळीकडे बसवले. दोन वर्षांची हमी तो तोंडी देत होता. तोंडी हमी हा प्रकार मला माहीत नाही. मी सहा कलमांचा कागद करून नेला. त्याने हात पुसले आणि न वाचता सही केली.

"वाचा तरी," मी म्हणालो.

"काका, माझ्याच कामाची हमी मी कशाला वाचू? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार की."

हे वाक्य मला पुढे फार छळणार होते.

आठ महिने गाडी उत्तम चालली. नवव्या महिन्यात एका रविवारी सकाळी क्लबाच्या सहलीहून परतताना इंजिन गचके खाऊ लागले. पेट्रोल संपत आले असेल म्हणून मी कॉक रिझर्व्हवर फिरवला. शंभर मीटरही गेलो नसेन, तोच एका राउंडअबाउटच्या मधोमध इंजिन बंद पडले. मागून येणाऱ्या ट्रकने ब्रेक दाबला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ट्रकवाल्याने खाली उतरून मला गाडी ढकलायला मदत केली आणि "नो वरीज, मेट" म्हणाला.

घरी येऊन कॉक काढला. त्याच्या जाळीत काळ्या अस्तराचे कपटे अडकले होते, साप कात टाकतो तसे. त्यांच्यामागून गंजाचे पाणी आले.

मला जो राग आला तो सांगून समजणार नाही. लेखी हमी, सही, आणि नऊ महिन्यांत अस्तर सोलून निघते. त्याच दुपारी मी कारागिराला पहिली नोटीस लिहिली. त्याने फोन करून टाकी घेऊन या म्हटले. मी फोनवरचे बोलणे ग्राह्य नाही असे कळवले आणि दुसरी नोटीस लिहिली. मला पैसे नको होते. त्याने सदोष काम केल्याची लेखी कबुली द्यावी, एवढीच माझी मागणी होती. तो कबुली देईना. तो पुन्हा पुन्हा एवढेच विचारी, "टाकी एकदा बघू द्या की." मग मी राज्याच्या न्यायाधिकरणाकडे तक्रार नोंदवली, आणि तिची प्रत क्लबाच्या सचिवांना पाठवली, सभासद सावध व्हावेत म्हणून. सचिवांनी ती पत्रिकेत छापली. पत्नीने ही सगळी पत्रे माझ्यासमोर बसून, बोट फिरवून ताडली. टाकीविषयी ती एक शब्द बोलली नाही.

सुनावणीची तारीख आली तेव्हा टाकी तपासायला विरोधी पक्षाला द्यावी लागते हे मला मान्य करावे लागले. मी ती स्वतः नेली, माझ्यासमोर तपासावी या अटीवर. शेडमध्ये पूर्वी भिंतीलगत टाक्यांची रांग असे, त्या दिवशी दोनच होत्या.

"बाकीच्या?" मी विचारले.

"घेऊन गेले लोक." तो टाकीकडे बघत बोलला. "तुमच्या क्लबाचे होते तेवढे सगळे. पत्रिका चांगली निघते तुमची."

माझे समाधान झाले होते, हे मी इथे कबूल करतो.

त्याने टाकीतले उरलेले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतले. क्षणभर ते ढवळलेले दिसले, मग त्याचे दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली, जवळजवळ अर्धी बरणी, गढूळ पाणी.

"काका, रागावू नका," तो म्हणाला. "पण हे घामाचं पाणी नाही. टाकी रात्री गार होते, सकाळी तापते, आत थेंब धरतात, ते चार-सहा चमचे असतात वर्षाला. हे ओतलेलं पाणी आहे."

"पेट्रोल पंपाचे असेल. भेसळ."

"मग पंपावरच्या प्रत्येक गाडीत झालं असतं." त्याने एका पत्र्याच्या झाकणात थोडे पाणी काढले आणि ते बाहेर, बरणीपासून बरेच लांब, छोट्या शेगडीवर ठेवले. पाणी आटले. झाकणात पांढरी कडी उरली. त्याने बोटाने कण उचलून माझ्यापुढे धरले. "जिभेला लावू नका, पण हे मीठ आहे. पाणी सोसलं असतं माझ्या कोटिंगनं. मिठाचं पाणी महिनोन् महिने तळाला बसलं, कॉकच्या आट्यांतून आत शिरलं, आणि खालून सोलत गेलं. तुमच्या टाकीत कोणीतरी मिठाचं पाणी घालतंय."

मी टाकी तिथेच सोडून घरी आलो. घातपात हा एकच शब्द डोक्यात होता. आणि संशयित शोधायला मला दूर जावे लागले नाही. आमच्या शेजारचा गृहस्थ, माझ्याच वयाचा, रविवारच्या सकाळी माझ्या गाडीच्या आवाजाबद्दल दोनदा कुंपणावरून बोलला होता. त्याच्याकडे पोहण्याचा तलाव आहे. तलावात घालायच्या मिठाच्या गोण्या त्याच्या दाराशी मी स्वतः पाहिल्या होत्या. हेतू, साधन, संधी. कचेरीत असतो तर म्हणालो असतो की प्रकरण तयार आहे.

मुलगी ड्यूटीवरून आली होती. तिने ऐकून पर्स खाली ठेवली. "डॅड, यू कान्ट जस्ट अक्यूज पीपल. त्यांनी आपल्याला ख्रिसमसला लिंबं दिली होती."

"लिंबे देणे हा बचाव होत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मसुदा तयार होता. पोलिसांना एक, काउन्सिलला एक आणि त्याची प्रत शेजाऱ्याला. पत्नी नेहमीप्रमाणे समोर बसली, चष्मा लावला, प्रतीवर बोट ठेवले. मी इंग्रजी मसुदा वाचू लागलो. पहिला परिच्छेद गेला. दुसरा गेला. 'सदर इसमाने वेळोवेळी माझ्या मोटरसायकलच्या टाकीत मीठमिश्रित पाणी ओतले,' या अर्थाच्या वाक्याशी आलो आणि मला दिसले की तिचे बोट थांबले आहे.

"काय चुकले?" मी विचारले.

"हे पत्र टाकू नका."

"का?"

तिने चष्मा काढला. "पाणी मी घालते."

मी हातातला कागद खाली ठेवला नाही. तो कसा ठेवायचा हेच सुचेना. चाळीस वर्षांच्या संसारात मला कोणी इतके अनपेक्षित वाक्य ऐकवले नव्हते, आणि तिने ते दूध संपले असे सांगावे त्या सुरात सांगितले.

"कुठले पाणी?"

"आशीर्वादाचं. पास्काच्या जागरणाला, ईस्टरच्या आदल्या रात्री, फादर आशीर्वाद देतात ते. चर्चमधल्या टाकीतून मी बाटली भरून आणते. तुम्ही बूट घालायला आत येता ना, तेवढ्यात. प्रत्येक वेळी एक झाकण. खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे ते."

"आणि मीठ?"

"पाणी टिकावं म्हणून आई घालायची चिमूटभर. तेही आशीर्वादाचंच आहे. बहिणीने वसईहून पाठवलंय."

मी गाडीची वही काढली. नऊ महिन्यांतल्या फेऱ्या त्यात माझ्याच अक्षरात नोंदवलेल्या होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक झाकण. पुरावा मीच राखला होता.

आता मी चिडलो. मी म्हणालो की तुझ्या पाण्याने मी मरता मरता वाचलो. राउंडअबाउटमध्ये गाडी बंद पडली ती त्याच पाण्याने, मागे ट्रक होता.

"बंद पडली ना?" ती म्हणाली. "आणि तुम्ही घरी आलात ना?"

"ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून आलो."

"मग त्याला कोणी दाबायला लावला?"

असला युक्तिवाद मला कोणत्याही कचेरीत शिकवलेला नव्हता.

मी विचारले, "शिंपडायचेच होते तर बाहेरून शिंपडायचे. वसईत फादर गाडीवर बाहेरूनच शिंपडतात. आत कशाला?"

ती उठली, कपाट उघडले आणि माझे दोन पानी उत्तर आणून माझ्यापुढे ठेवले. दोन वर्षांपूर्वीचे, सात कलमांचे. घडीवर पिवळे पडले होते. "तिसरं वाचा," ती म्हणाली. आणि प्रत नसतानाही तिने टेबलावर बोट टेकवले.

मी वाचले. तिसऱ्या कलमात मी लिहिले होते की आपल्या कुटुंबात आजवर मोटरसायकलमुळे कोणासही इजा झालेली नाही, सबब भीतीला वस्तुस्थितीचा आधार नाही.

मी वाचणे संपवले तरी ती बोट उचलेना. आणि मग मला आठवले. तिचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा. नवी मोटरसायकल घेतली त्या वर्षी सणाला चर्चच्या पटांगणात ओळीने गाड्या उभ्या होत्या, त्याची पहिली होती. फादरांनी पाणी शिंपडले, त्याने ते हसत हँडलवरून पुसले. त्याच महिन्यात महामार्गावर तो गेला. शवपेटीचा एक खांदा माझा होता. दफनाच्या खर्चाची, विम्याची, पोलिसांच्या पंचनाम्याची सगळी पत्रे मी लिहिली होती. आणि सात कलमे लिहिताना, कुटुंबात कोणासही, असे लिहिताना, तो मला एकदाही आठवला नव्हता.

"त्याच्या गाडीवर बाहेरून शिंपडलं होतं," ती म्हणाली. "बाहेरचं वाऱ्याने वाळतं."

"तू तेव्हाच का नाही बोललीस? हे कलम वाचलेस तेव्हा?"

"ते ताडायला दिलं नव्हतं तुम्ही. हातात दिलं होतं."

मी त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही. शेजाऱ्याविषयीचा मसुदा फाडला. तुकडे लहान केले, कारण तो माणूस कचऱ्याचे डबे माझ्यासारखाच लक्ष ठेवून बाहेर काढतो. संध्याकाळी तो कुंपणापाशी दिसला आणि त्याने हात हलवला. मीही हलवला. त्याला यातले काही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधिकरणाला तक्रार मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. तिला ताडायला बसवले. कारण म्हणून मी लिहिले होते की टाकीतील पाणी आमच्या घरातून आले असल्याचे आता निष्पन्न झाले आहे. बोट थांबले.

"घरातून कसं?" ती म्हणाली. "माझ्या हातून आलं. तसं लिहा."

"त्याची गरज नाही. कायद्याने एवढे पुरे आहे."

"त्या माणसाचं नाव तुम्ही स्पष्ट लिहिलं होतंत. मग माझंही लिहा."

मी लिहिले. मला ते लिहिताना जितकी लाज वाटली तितकी तिला ऐकताना वाटली नाही. क्लबाच्या सचिवांना दुसरे पत्र गेले, कारागिराला तिसरे. चौथे मी तिलाच लिहिले: सातही कलमे मागे घेत असल्याचे, आणि तिसऱ्याबद्दल क्षमा मागत असल्याचे. ते मात्र ताडायला दिले. तिने शेवटपर्यंत बोट फिरवले, कुठेही थांबली नाही, आणि शेवटच्या ओळीखाली ते बराच वेळ तसेच राहिले.

मला वाटले होते की पत्रे गेली म्हणजे झालेले नुकसान भरून निघेल. इथे मला दुसरा धक्का बसला. सचिवांना फोन केला तर ते म्हणाले, "ऑल गुड, मेट," आणि माझे दीड पानांचे पत्र लांब असल्यामुळे पत्रिकेत 'तक्रार मागे घेण्यात आली आहे' एवढी एक ओळ, शेवटच्या पानावर, सायकल विकणे आहे याच्या खाली आली. तक्रार पहिल्या पानावर होती. मी आणखी एक पत्र लिहायला बसलो, या असमानतेविरुद्ध. पत्नीने माझ्या हातातून पेन काढून घेतले. "आधी त्याच्याकडे चला," ती म्हणाली.

आम्ही बसने गेलो. तिने बहिणीने पाठवलेल्या सुकेळ्यांचा पुडा घेतला. वसईची ती वाळवलेली केळी ती मलाही मोजून देते. शेडमध्ये भिंतीलगत आता एकच टाकी होती, माझी. तिने पुडा त्याच्या हातात दिला आणि मी तोंड उघडायच्या आत सगळे सांगून टाकले. बाटली, झाकण, मीठ, भाऊ. तो ऐकत होता. मध्येच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

मी म्हणालो, "तुमच्या नावाला माझ्यामुळे—"

"थांबा काका." त्याने बाहेर उभ्या असलेल्या आपल्या यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचा, दरवाजा उघडला आणि पुढच्या खणातून प्लास्टिकची एक गुलाबी पुडी काढून तिला दाखवली. "जोतिबाचा गुलाल. आई दरवर्षी पाठवते. इंजिनावर टाक म्हणती. रेडिएटरमध्ये टाक म्हणाली नाही, हे माझं नशीब."

ती हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

मी त्याला सांगितले की माझे पत्र त्याने मोठे करून दाराशी लावावे, येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. त्याने खिशातून ते काढले, पाने मोजली आणि परत घडी घातली. "काका, एवढं उभ्यानं कोण वाचणार? माणूस टाकी टाकायला येतो, परीक्षेला नाही."

"एक ओळ लिहा," पत्नी म्हणाली.

एका ओळीत मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. शेडमधल्या बाकावर, ग्रीसचे डाग चुकवीत, मी पुठ्ठ्याच्या खोक्याचे एक झाकण समोर घेऊन बसलो. 'निम्नस्वाक्षरीकार' असे सुरुवात करून खोडले. 'वस्तुस्थिती अशी की' असे लिहून खोडले. कारागीर एका रेडिएटरची जाळी सरळ करू लागला. पत्नीने पुड्यातले एक सुकेळे काढून मला दिले आणि वाट पाहत राहिली. शेवटी इंग्रजीत जे राहिले त्याचा अर्थ एवढाच होता: 'या टाकीत पाणी आम्ही ओतले. याचे काम चोख होते.'

मी वाचले. तिने पुठ्ठ्यावर बोट फिरवले, डागावरून, खोडलेल्या ओळींवरून, शेवटपर्यंत. मग तिने आधी सही केली आणि पेन मला दिले.

त्याने माझी टाकी, ती कालगुर्लीची, कात टाकलेले अस्तर दिसावे अशी तळाशी कापून दाराशेजारी तारेने टांगली आणि पुठ्ठा तिच्या पोटाला लावला. मी तिथे उभा असतानाच टाकी घेऊन आलेल्या एका माणसाने तो वाचला. त्याने कापलेल्या भागातून आत पाहिले, मग आमच्या दोघांकडे पाहिले आणि आपली टाकी बाकावर ठेवली. भिंतीलगत दुसरी टाकी झाली.

माझ्या गाडीला आता टाकी नाही. गाडी आमच्या घरच्या शेडमध्ये कापडाखाली उभी आहे, आणि दुसरी टाकी शोधायची की नाही हे मी ठरवायचे नाही, असे चौथ्या पत्रात लिहून दिलेले आहे. निघताना पत्नीने कारागिराला विचारले, "समजा, घेतलीच दुसरी. तर मग पाणी कुठे घालू?"

तो गंभीरपणे माझ्याकडे पाहत राहिला, टाकीकडे पाहतो तसा.

"काकू, काकांवर घाला," तो म्हणाला. "गंज चढला तर माझ्याकडे घेऊन या. दोन वर्षं हमी."